नेव्हिल ओल्डरॉइडचा दुसरा हप्ता

नेव्हिल ओल्डरॉइडने बावीस वर्षांत माझ्या कचेरीत माझा चहा घेतला नाही.

विदर्नसी या समुद्रकाठच्या इंग्रजी गावात मी हिशेबनीस, मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर माझी खोली. वर यायला चौदा लाकडी पायऱ्या, आणि चौदाही कुरकुरणाऱ्या. पाचवी तर अशी ओरडते की खालचं गिऱ्हाईक व्हिनेगारची बाटली हातात धरून वर बघतं. वर्षातून दोन-तीनदा नेव्हिल त्या पायऱ्यांना बोलतं करत यायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा, पिशवीतून थर्मास काढायचा, मग स्वतःचा मग काढायचा. पांढरा मग, कानाजवळ टवका उडालेला, त्यावर त्याने स्वतःच निळ्या रंगाने आडनाव रंगवलेलं. स्वतःचा चहा स्वतः ओतून घेऊन तो म्हणायचा, "हं, बोल पोरा." मी आता साठीला टेकलोय, पण आमच्याकडे पोरा म्हणायला वयाची अट नाही.

मी चहात वेलची घालतो म्हणून तो घेत नसेल, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तसं नव्हतं. ती सवय त्याला मीच लावली होती.

नेव्हिल किनाऱ्यावरच्या गॅसच्या कारखान्यात नळांचे नकाशे काढायचा. कुठला नळ कुठून निघून कुठे वळतो, हे त्याच्या हातातून कागदावर उतरायचं. पण तो तिथला नोकर नव्हता, कंत्राटदार होता. नावावर एक छोटी कंपनी, तिचा मालक नेव्हिल आणि कामगारही नेव्हिल. कंपनीची वार्षिक सभा स्वयंपाकघरात व्हायची. त्याची बायको ग्लेनिस बटाटे सोलता सोलता ठराव ऐकायची आणि म्हणायची, "मंजूर. आता पाय उचल, सालं पडलीत."

अशा लोकांवर इथल्या कर खात्याचा पहिल्यापासून डोळा. हा खरा कंत्राटदार, की कंत्राटदाराचा कोट घातलेला नोकर? नोकर ठरला तर मागच्या कैक वर्षांचा कर व्याजासकट. म्हणून अगदी सुरुवातीला मी नेव्हिलला बजावलं होतं, की तिथे काम कर, पण तिथला होऊ नकोस. उद्या तपासनीस आला तर तू त्यांच्यातला वाटावास अशी एकही खूण सापडता कामा नये.

लोक डॉक्टरचं पथ्य पाळत नाहीत, याने हिशेबनिसाचं पाळलं. खुर्ची घरून नेली. दिवा घरून, पेन्सिली घरून, चहाचा तो पांढरा मगही घरून. खिडकीजवळचा एक कोपरा धरला आणि तिथे आपलं बेट वसवलं. कुणाचा वाढदिवस असला की केक कापायच्या सुमाराला हा गाडीत जाऊन बसायचा. नाताळच्या जेवणाला कधी गेला नाही. नोकरांना दारावर कार्ड टेकवून आत जाता यायचं, कंत्राटदारांसाठी फाटकावर निळी वही होती. तीत नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि सही. दर डिसेंबरला कारखान्याच्या हिरवळीवर सगळ्यांचा फोटो काढतात, तो काढायचं काम नेव्हिलने आपणहून घेतलं होतं, म्हणजे त्यात उभं राहायला नको. जेवणघराच्या भिंतीवर ते फोटो ओळीने लावलेत. प्रत्येकात पुढच्या रांगेच्या पायांशी गवतावर टोपी घातलेल्या माणसाची एक लांब सावली पडलेली दिसते. बावीस वर्षांचा नेव्हिलचा तिथला पुरावा तेवढाच.

मला त्याचं कौतुक वाटायचं. इतकं छान नसणं मी दुसऱ्या कुणाला जमलेलं पाहिलं नाही.

मग एकवीस सालच्या एप्रिलात नियम फिरला. माणूस नोकर की कंत्राटदार हे आता त्याने नव्हे, काम देणाऱ्या कंपनीने ठरवायचं. कंपनीने संगणकावर तीसेक प्रश्नांची उत्तरं भरली आणि निकाल आला, ओल्डरॉइड करापुरता नोकर. पगारातून कर आधीच कापून घेणार, म्हणजे नोकर. आजारपणाची रजा नाही, म्हणजे नोकर नाही. नेव्हिलला गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं आणि मोठ्या दालनात पोरापोरींमध्ये एक टेबल. कोपऱ्यातली खुर्ची, दिवा आणि तो पांढरा मग घरी न्यायचे होते. आज नेतो, उद्या नेतो करत ते तिथेच राहिले.

त्या मे महिन्यात तो माझ्याकडे आला तर हात रिकामे. थर्मास नाही, पिशवी नाही. टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, "चहा असेल तर घेतो."

मी दिला. पहिला घोट घेऊन त्याने कपात वाकून बघितलं. "हे असंच लागतं का?" म्हणाला. पण संपवला. मला बरं वाटायला हवं होतं, पण घरातली एखादी वस्तू कुणी हलवली आणि कोणती ते कळत नाही, तसं काहीतरी झालं.

आता आगाऊ कराचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. जे आपला कर आपण भरतात, त्यांच्याकडून खातं पुढचा कर आधीच घेतं. हिशेब असा, की गेल्या वर्षी जो माणूस होता तोच या वर्षीही असणार आणि तेवढंच कमावणार. तेव्हा गेल्या वर्षीएवढा कर दोन हप्त्यांत आगाऊ टाका, अर्धा जानेवारीअखेर, अर्धा जुलैअखेर. बहुतेकांच्या बाबतीत खात्याचा अंदाज बरोबर निघतो. नेव्हिलच्या बाबतीत मात्र गेल्या वर्षीचा माणूस एप्रिलातच संपला होता. एक पानी अर्ज करायचा, की तो धंदा आता नाही, आगाऊ रक्कम शून्य करा. झालं. पण जानेवारीत माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, मी दोन आठवडे आडवा, आणि परत येऊन बघतो तर याने पहिला हप्ता भरून टाकलेला. तीन हजार एकशे चाळीस पौंड.

का भरलास म्हणून विचारलं. त्याने माझ्याकडे मी काहीतरी विचित्र बोलल्यासारखं बघितलं. दर वर्षी तेरा जानेवारीला भरतो. पाकीट आलं, पाकिटावर नाव होतं, भरले.

मी म्हटलं, परत मिळतील, हा अर्ज सही कर. त्याने चष्मा लावून अर्ज वाचला. कारणाच्या रकान्याशी थांबला. 'धंदा संपला' असं तिथे लिहायचं होतं. अर्ज घडी न घालता माझ्याकडेच सरकवला. "ठेव तुझ्यापाशी. बघू."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याने फाटकावर कार्ड टेकवलं तर लाल दिवा लागला. फाटकावर मर्विन असतो. तोही माझ्याकडेच येतो, गणवेश धुण्याच्या खर्चाची करात सूट मागायला, म्हणून हे मला दोघांकडूनही कळलं. मर्विनने मान वर न करता सांगितलं, "ओल्डरॉइड आत गेलाय की."

नेव्हिल म्हणाला, मीच ओल्डरॉइड. मर्विनने निळी वही त्याच्यापुढे फिरवली. तारीख त्या दिवसाची. ओल्डरॉइड, आत सात चाळीस. अक्षर नकाशे काढणाऱ्याचं, सुटं आणि उभं, सातच्या पोटात आडवी रेघ. सही नेव्हिलची. बाहेर पडल्याचा रकाना कोरा. मर्विनने मागची पानं उलटून दाखवली. चौदा जानेवारीपासून रोज.

"अरे पण तू बघितलंस ना, कोण आला ते?"

"मी चेहरे बघत नाही, पोरा. मी सह्या बघतो. आणि तुझा चेहरा बावीस वर्षं तू तरी कुठे दाखवलास?"

मर्विनने हाताने फाटक उघडून दिल्यावर नेव्हिल आपल्या जुन्या कोपऱ्यात गेला. खुर्चीवर हात ठेवला तर ऊब. पांढरा मग विसळून पालथा घातलेला, आतून ओला. नकाशे काढायच्या तिरक्या पाटावर मोठा कागद लावलेला, जुन्या टाकीला वळसा घालून जाणाऱ्या नळाचा. हा वळसा नेव्हिल नऊ वर्षं सुचवत होता आणि कुणी मनावर घेत नव्हतं. रेघा त्याच्याच हाताच्या. पण कागदाच्या डाव्या अर्ध्यातच. पट्टी लावून कापल्यासारखा नकाशा बरोबर मध्यावर थांबलेला.

अर्धा आगाऊ कर भरला होता, अर्धा नकाशा झाला होता. हे सांगायची गरज नव्हती. नेव्हिल हिशेबात माझ्याहून पक्का, त्याला ते आधीच कळलं होतं.

मग रोजचंच झालं. दालनातली एक पोरगी सकाळी खिडकीकडे बघून हात करायची आणि नेव्हिलच्या टेबलावरून, त्याला कोपर लावून, पुढे जायची. एकाने याच्या मांडीवर फायली ठेवल्या, खुर्ची रिकामी समजून. हात पुढे केला की आपोआप पाणी येणारे नळ असतात तिथे, ते याला पाणी देईनात. बाजूचा हात धूत असला की त्याच्या धारेत हा हात घालायचा. हे मला सांगताना तो हसला. मीही हसलो. मग दोघंही एकदमच थांबलो.

जूनमध्ये ग्लेनिस आली. तिने कारखान्यातलं काही सांगितलं नाही, बॉयलरपासून सुरुवात केली. मार्चपासून बॉयलर मेलेला. नव्याचे पैसे होते ते कर खात्यात जाऊन बसलेले. आंघोळीला ती किटलीत पाणी तापवून वरच्या मजल्यावर नेते, पासष्टाव्या वर्षी. "जो कमावत नाही त्याचा कर भरतोय हा," ती म्हणाली, "आणि जो कमावतो त्याला गरम पाणी नाही."

मग पर्स उघडून बंद केली, परत उघडली.

"राजा, एक सांगते, हसू नकोस. नेव्हिल पूर्वी घरी येताना शीळ घालायचा. पाच वीसला कोपऱ्यावरून ऐकू यायची. नोकर झाल्यापासून नाही घालत, येतो सहाला, गुपचूप. पण शीळ येते. रोज पाच वीसला. आमच्या घराच्या फाटकापर्यंत येते आणि थांबते. मी खिडकीतून बघते, कुणी नसतं."

मी विचारलं, भीती वाटते का.

"भीती कसली. वाईट वाटतं. इतकी वर्षं जेवायला घातलंय त्याला."

जुलैच्या मध्याला दुसऱ्या हप्त्याचं पाकीट आलं. नेव्हिल ते न फोडता घेऊन आला. पायऱ्या कुरकुरल्या, पण नेहमीपेक्षा दबून. मी अर्ज काढून समोर ठेवला, पेन ठेवलं, चहा ठेवला. तो फक्त चहा प्यायला. मी समजावलं, की बाबा रे, सही कर, सगळे पैसे परत येतील, ग्लेनिसचा बॉयलर येईल. आणि समज दुसरा हप्ता भरलाच, तरी तोही कधीतरी परत येईलच, जरा उशिरा.

"पैशाचं नाही विचारत मी," तो म्हणाला. "अर्धा आहे तोवर तो तिथे खिडकीशी बसतो आणि घराच्या फाटकापर्यंत येतो. पुरा झाला की घरात येईल. ती दार उघडेल त्याला. का नाही उघडणार? मग मी कुठे जायचं?"

"मग कर ना सही."

"आणि काय लिहू? संपला म्हणून?" त्याने रकान्यावर बोट ठेवलं. "घर त्याने फेडलं. मुलीचं लग्न त्याने केलं. तू सांगितलंस म्हणून तो बावीस वर्षं केकच्या वेळेला गाडीत जाऊन बसला. मी त्याला कागदावर मारून टाकू? तीन हजार पौंडांसाठी?"

'तू सांगितलंस म्हणून' हे त्याने लागेल असं म्हटलं नव्हतं. लागायचं तिथे लागलंच.

शेवटी तोच म्हणाला, एकोणतीसला शुक्रवार आहे. एकतर इथे येऊन सही करतो, नाहीतर बँकेत जाऊन हप्ता भरतो. नेव्हिल पाकीट तारखेपलीकडे ठेवणाऱ्यांतला नाही, हे मला माहीत होतं. तो गेल्यावर मी कप उचलला. चहा अर्धाच प्यायलेला होता.

एकोणतीसला सकाळपासून समुद्रावरून धुकं आत आलं. जुलैतसुद्धा येतं आमच्याकडे, आणि आलं की समोरचं औषधांचं दुकान दिसत नाही. मी काहीबाही कागद चाळत बसलो होतो. अकराला पंधरा मिनिटं कमी असताना वर बघितलं तर दारात नेव्हिल. पायऱ्या वाजल्याचं लक्षात आलं नाही. खालच्या तळणीचा पंखा फार आवाज करतो, त्यामुळे असेल, असं मनात येऊन गेलं. अंगावर जुना करडा कोट. बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. चेहरा इतक्या महिन्यांत एवढा स्वस्थ बघितला नव्हता. मी किटली लावायला उठलो, त्याने मान हलवली. पिशवीतून थर्मास काढला, तो टवका उडालेला मग काढला, ओतून घेतला.

मला आनंद झाला. म्हटलं, सापडली याला जुनी लय.

"हं, बोल पोरा. कुठाय तो कागद?"

मी अर्ज दिला. त्याने स्वतःचं पेन काढलं. कारणाच्या रकान्यात, अजिबात न थांबता, सुट्या उभ्या अक्षरांत लिहिलं, 'काम पूर्ण झाले.' सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

मला राहवलं नाही. विचारलं, एवढे दिवस अडून बसलास, आज कसं जमलं?

"कंत्राट संपवायचं तर कंत्राटदाराने स्वतः येऊन संपवावं," तो म्हणाला. "दुसऱ्याला लिहायला लावू नये. त्याला ते जड जातं."

चहा संपवून उठला, माझ्या मोरीवर मग विसळला, रुमालाने पुसला आणि पालथा घातला. दारात थांबला. "वास बाकी छान येतो तुझ्या चहाला," म्हणाला आणि गेला. मी लगेच पाकिटात अर्ज घालून बाराच्या टपालात टाकायला धावलो. जिना उतरताना पाचव्या पायरीने माझ्या नावाने जी बोंब मारली, तिने मी मध्येच थबकलो. पण टपालाची वेळ होत होती.

परत आलो तर फोन वाजत होता. ग्लेनिस. ती हल शहरातल्या हॉस्पिटलातून बोलत होती. काल संध्याकाळी गरम पाण्याची किटली वर नेताना नेव्हिलचा पाय घसरला, घोटा पावाएवढा सुजलाय, सकाळी आठपासून दोघं एक्स-रेसाठी रांगेत बसलीत. "जीव खातोय माझा," ती म्हणाली. "आज एकोणतीस ना. त्याला काही तुझ्याकडे येता येत नाही. म्हणतोय, तूच हप्ता भरून टाक त्याच्या वतीने. भरशील का?"

मी मोरीकडे बघत होतो. पांढरा मग तिथेच पालथा होता.

"भरायला नको," मी म्हटलं. "सही झालीय."

"कुणी केली?"

"त्यानेच."

पलीकडे कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, चाकांची खुर्ची गेली. मग ग्लेनिसने विचारलं,

"चहा घेतला का त्याने?"

"नाही. स्वतःचा आणला होता."

"बरं," ती म्हणाली. "बरं झालं." आणि मग नाक शिंकरायला फोन बाजूला धरला असावा.

मर्विनने वही दाखवली ती पुढच्या आठवड्यात. ओल्डरॉइड, आत सात चाळीस. बाहेर, सहा महिन्यांत पहिल्यांदा, दहा पंचवीस. सही. त्यापुढे निळ्या वहीत ते नाव नाही. नेव्हिल कुबडी घेऊन कामावर गेला तेव्हा कार्डाने हिरवा दिवा दिला आणि मर्विनने विचारलं, "काय रे, पायाला काय झालं?" कोपऱ्यातली खुर्ची गार होती. पाटावर टाकीच्या वळशाचा नकाशा पुरा होता, उजवा अर्धाही, खाली नाव घातलेलं. त्याने तो वरिष्ठांकडे दिला. या खेपेला त्यांनी मान्य केला.

पैसे सप्टेंबरात आले आणि बॉयलर ऑक्टोबरात. नेव्हिल आता माझ्याकडे येतो तेव्हा पायऱ्या अगदी पूर्वीसारख्या बोंबलतात. चहा घेतो, आता वेलची कमी पडली तर सांगतोसुद्धा. तो पांढरा मग मी एकदा त्याच्यापुढे ठेवला होता. त्याने त्याचा टवका अंगठ्याने चाचपला आणि परत मोरीवर नेऊन पालथा घातला. "राहू दे इथे," म्हणाला. "त्याचा आहे."

त्या डिसेंबरला नेव्हिल पहिल्यांदा फोटोत उभा राहिला, दुसऱ्या रांगेत, मर्विनशेजारी. फोटो काढायला कुणीच उरलं नाही, म्हणून कॅमेरा एका स्टुलावर ठेवून आपोआप घ्यायला लावला. स्टुलामागे हिवाळी दुपारची मोकळी हिरवळ. छापून आला तो फोटो मी पाहिलाय. सगळे हसतायत, नेव्हिल जरा जास्तच. आणि पुढच्या रांगेच्या पायांशी, गवतावर, नेहमीच्या जागी, टोपी घातलेल्या माणसाची लांब सावली पडलीय.

ग्लेनिसने तो बैठकीच्या खोलीत लावलाय. शनिवारी ती सगळ्या तसबिरींची काच पुसते. याची पुसताना खालच्या कडेला, गवतापाशी, तिला थोडा जास्त वेळ लागतो.